रेवस ते रेडी: मित्रांसोबत किनाऱ्याने जाताना

पाऊस ओसरला की वाचकांची पत्रं सुरू होतात आणि त्यांतले प्रश्न दरवर्षी साधारण सारखेच असतात. ‘आम्ही पाच मित्र, एक गाडी, चार दिवसांची रजा. मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जमेल का?’ हा पहिला. ‘नकाशावर रस्ता खाडीपाशी तुटतो, पुढे काय करायचं?’ हा दुसरा. आणि तिसरा, जरा चाचरत विचारलेला: ‘गाडी वाळूवर नेता येते ना?’ पहिल्याचं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचं ‘फेरीबोट’ आणि तिसऱ्याचं ‘कधीच नाही’. आता सविस्तर सांगतो.

चार दिवसांत सगळं नाही, एक तुकडा निवडा

रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतचा सागरी मार्ग सुमारे पाचशे किलोमीटरचा आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या सवयीने तुम्ही हा आकडा वाचलात तर फसाल. हा रस्ता वाड्यांच्या अंगणांमधून जातो, जांभ्याच्या गडग्यांना (दगडी कुंपणांना) खेटून वळतो, सड्यावर म्हणजे कातळी पठारावर चढतो आणि पुन्हा खाडीकाठी उतरतो. ताशी पंचवीस-तीस किलोमीटर हिशेबात धरा. दिवसाला शंभर किलोमीटर झाले तरी पुष्कळ झाले, कारण वाटेत थांबायलाच तर तुम्ही निघाला आहात.

म्हणून मार्गाचे तीन तुकडे करा आणि एका खेपेला एकच घ्या.

- मांडवा ते दापोली. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट मांडव्याला उतरावं. तिथून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास, केळशी, आंजर्ले. पुणेकरांनी ताम्हिणी उतरून माणगावमार्गे थेट दिवेआगर गाठावं. तीन ते चार दिवस.
- दापोली ते रत्नागिरी. दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. तीन दिवस. कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींना आंबा घाटाने रत्नागिरीत उतरून हाच प्रवास उलट्या दिशेने करणं सोयीचं.
- रत्नागिरी ते रेडी. पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा. चार ते पाच दिवस. इथल्या बहुतेक खाड्यांवर आता पूल आहेत.

पहिल्यांदाच जात असाल तर माझा कौल तिसऱ्या तुकड्याला आहे. अलिबाग-काशीदचा भाग शनिवार-रविवारी वाहनांनी भरून जातो. पूर्णगड ओलांडलात की मात्र रस्ता बराचसा तुमचाच असतो. कशेळीचं कनकादित्याचं देऊळ, जैतापूरची खाडी, आणि सड्यावरून एकदम दिसणारा विजयदुर्ग, हे घाईत उरकण्यासारखं नाही. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार जलदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले आहेत. त्यातले पहिले दोन या तुकड्यात येतात.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण दिवाळी आणि नाताळचा आठवडा टाळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळास आणि आंजर्ल्याला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मिळू शकतात. पिल्लं कधी बाहेर येतील हे त्यांच्यावर अवलंबून असतं, तेव्हा हमखास दाखवतो म्हणणाऱ्यावर विसंबू नका. गणपतीत सहलीला म्हणून जाऊ नका. घरोघरी पाहुणे असतात, महामार्ग तुंबलेला असतो आणि तुमचं आतिथ्य करायला कुणाला सवड नसते. शिमग्यात जरूर जा, मात्र रस्त्यात पालखी आली की इंजिन बंद करून थांबायची तयारी ठेवा. पावसाळ्यात समुद्रातल्या किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात, फेऱ्याही हवामान पाहून थांबवतात.

खाडी आली की फेरीबोट

गाड्या वाहून नेणाऱ्या या सपाट बोटींना गावात ‘जंगलजेटी’ म्हणतात. रस्ता विचारताना हाच शब्द वापरा, लगेच दिशा मिळते. लक्षात ठेवण्याजोग्या फेऱ्या अशा:

- आगरदांडा ते दिघी, राजपुरीची खाडी
- बागमांडला ते वेसवी, सावित्रीची खाडी; इथे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू होतो
- दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीची खाडी
- तवसाळ ते जयगड, शास्त्रीची खाडी

दाभोळची फेरी चुकली तर चिपळूणवरून काही तासांचा वळसा पडतो. म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारून पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ पक्की करा. वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं आणि मोबाइलवरची माहिती जुनी असू शकते. अर्धा तास आधी धक्क्यावर पोचा. सुट्टीच्या दिवशी रांग लांब असते, तेव्हा आणखी आधी. बोटीवर खलाशी हाताने खुणा करत गाड्या इंचाइंचाने लावून घेतात. त्या वेळी चालक सोडून बाकीच्यांनी उतरून पायी चढावं. गाडी लागली की हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. मोटारसायकलवाल्यांनी उतारावर विशेष जपावं. फळीवर शेवाळ आणि पाणी असतं, पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकतं.

या खाड्यांवर पुलांची कामं हाती घेतली आहेत. नकाशात पूल दिसला म्हणून निघू नका, तो वाहतुकीला खुला आहे का ते विचारा.

भरती-ओहोटी: घरच्या कॅलेंडरवर तिथी पाहा

सगळ्या लेखातला महत्त्वाचा भाग हा आहे, कारण किनाऱ्यावरच्या प्रवासात दिवसाची आखणी समुद्र करतो. कोळी आणि खारवी मंडळींचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या पाऊणपट वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी आणि रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, पण दिवस आखायला एवढं पुरेसं आहे.

आणखी एक गोष्ट. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि खूप खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार कमी.

आता हे वापरायचं कसं? समजा, तुम्हाला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचं आहे. तिथे ओहोटीलाच चालत जाता येतं. तृतीया-चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या आसपास येते आणि वाळू चांगली उघडी पडते, म्हणजे न्याहारी करून निघा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण भांगामुळे पाणी पुरतं हटत नाही. पौर्णिमेला ती संध्याकाळी येते आणि परतताना अंधार होतो. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेचंही तसंच. कातळातली ती वाट फक्त ओहोटीची आहे आणि भरतीत तिथे गेलेली माणसं लाटांनी ओढून नेली आहेत. हेदवीच्या बामणघळीत भरतीला पाणी उसळतं ते पाहण्यासारखंच असतं, पण लांबून, कोरड्या खडकावरून.

दशमी-एकादशीच्या संध्याकाळी सूर्यास्त पाहायला वाळूवर बसाल तेव्हा पाणी चढत असतं, हेही ध्यानात ठेवा. चपला, बॅगा आणि मोबाइल मागे ठेवा.

गाडी वाळूवर का नेऊ नये

दापोलीच्या किनाऱ्यांवर दर मोसमात गाड्या रुततात आणि प्रत्येक वेळी घडतं ते एकच. ओहोटीची ओली वाळू फरशीसारखी घट्ट दिसते. गाडी मजेत धावते. कुणीतरी फोटोसाठी थांबायला सांगतं. थांबलेल्या चाकांखालचं पाणी बाजूला होतं, वाळू सैल होते, पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की चाक जागच्या जागी फिरतं आणि खड्डा करतं. दोन-तीनदा रेस केली की गाडीचं पोट वाळूला टेकतं. मग माणसांनी ढकलून उपयोग नसतो. ट्रॅक्टर गावात असतो, तो यायला वेळ लागतो आणि तोवर भरती सुरू झालेली असते.

नुकसान इथेच संपत नाही. इंजिनात पाणी शिरून झालेली खराबी साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली लागते. किनाऱ्यावर वाहन नेण्याला बंदी असते आणि गुन्हा दाखल होऊ शकतो. शिवाय नोव्हेंबर ते मार्च याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन ही घरटी राखली आहेत. वरून घरटं दिसत नाही, चाकाखाली मात्र चिरडलं जातं. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे, रस्त्यावर सोडा आणि चालत जा. चाललात तर दिसेलही जास्त.

पाण्यात उतरताना

मित्रांचा घोळका असला की पाण्याची भीती कमी होते, आणि मला काळजी वाटते ती याचीच. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तेव्हा भर पावसाळा नव्हता, वादळ नव्हतं.

- खाडीच्या मुखाशी कधीच उतरू नका. देवबागचा संगम, आंजर्ल्याची खाडी अशा जागी वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला आत जोराची ओढ असते.
- गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आहे, पायाखालची वाळू झपाट्याने सरकते. गुडघ्यापलीकडे जाऊ नका.
- ओहोटी लागली असताना पोहणं टाळा.
- ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे थेट हात मारत दमू नका. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडा, मग वळा. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करा.
- बुडणाऱ्याला वाचवायला साखळी करून आत शिरू नका. दोरी, रिकामा कॅन, टायरची ट्यूब, जे तरंगेल ते फेका आणि जवळच्या होडीवाल्यांना हाका मारा.
- दारू प्यायलेल्या मित्राला पाण्यापासून दूर ठेवणं ही इतरांची जबाबदारी आहे. तो रागावला तरी चालेल.

मालवण-तारकर्लीला स्कूबा करणार असाल तर बोटीत चढण्यापूर्वी लाइफ जॅकेट मागा, आणि जास्त माणसं भरलेली दिसली तर पुढच्या बोटीने जा. पैसे आधी दिले असले तरी हा हक्क तुमचा आहे. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं किंवा साधी सर्दी असेल तर लपवू नका. पाण्याखाली गेल्यावर त्याच दिवशीचं विमान धरू नका.

रस्त्यावर

मोबाइलचा नकाशा ‘जवळचा रस्ता’ म्हणून कधीकधी पाखाडीवर नेऊन सोडतो. जांभ्याच्या पायऱ्यांची ती पायवाट माणसांसाठी आणि गुरांसाठी असते. रस्ता अचानक अरुंद झाला, दोन्ही बाजूंना गडगे आले की थांबून विचारा. ‘काका, चारचाकी पुढे जाते का?’ एवढा प्रश्न पुरतो. नुसतं ‘रस्ता जातो का?’ विचाराल तर ‘जातो की’ असंच उत्तर येईल, कारण ते पायीच जातात.

अरुंद चढावर समोरासमोर आलात तर वर चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियमच आहे. एसटीला तर नेहमीच वाट द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवा. सूर्यास्तानंतर गाडी चालवू नका: दिवे नाहीत, रस्त्यात गुरं बसलेली असतात आणि मोबाइलला रेंज नसते. टाकी अर्ध्यावर आली की भरा, पुढचा पंप तालुक्याच्या गावीच भेटेल असं धरून चाला. रेंज नसली की मोबाइलवरून पैसेही जात नाहीत, तेव्हा रोख रक्कम दोघांकडे विभागून ठेवा. गावांचे नकाशे आधी उतरवून घ्या.

मुक्काम आणि जेवण

छोट्या गावांत हॉटेलपेक्षा घरगुती निवास बरे. पर्यटन महामंडळाच्या न्याहारी निवास योजनेत नोंदवलेली घरं मिळाली तर उत्तम. आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी यजमानांशी फोनवर प्रत्यक्ष बोला. फसवे लोक खऱ्या घरांचे फोटो लावून पैसे उकळतात. खोली आत्ता व्हिडिओ कॉलवर दाखवा म्हटलं की बऱ्याचदा खरं-खोटं कळतं. फसलात तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

तुमच्या गटात मुलगे-मुली एकत्र असतील तर ते नोंदणीच्या वेळीच सांगा. अविवाहित स्त्री-पुरुषांना खोली देऊ नये असा कायदा नाही. पण घरगुती निवासात तुम्ही कुणाच्या तरी घरात राहणार असता आणि रात्री दारात वाद घालण्यापेक्षा दुसरं घर आधीच शोधलेलं बरं. ओळखपत्र म्हणून आधारचा क्रमांक झाकलेली प्रतही चालते.

जेवणाचं सकाळीच सांगून ठेवा. ‘वहिनी, रात्री पाच माणसं, तिघं मासे खाणारे, दोघं शाकाहारी’ असं सांगितलंत की त्या बाजारातून मोजकं आणतील आणि ताजं रांधतील. रात्री साडेआठला पोचून सुरमई मागणं बरं नाही. थाळीत मासळी बाजारभावाने असेल तर भाव आधी विचारा, त्यात संकोच नको. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव चालतो. तिथे गेलात तर वाटेतून बाजूला उभे राहा, आणि फोटो काढायचे तर आधी विचारा. त्यांची ती कमाईची वेळ आहे.

मित्रांमध्ये आधी ठरवायच्या गोष्टी

मैत्री टिकवायची तर पैशाचं आणि गाडीचं निघण्यापूर्वी बोला. सगळ्यांनी सारखी रक्कम एकाकडे जमा करावी, त्याने रोज रात्री हिशेब गटावर टाकावा. कुणी आयत्या वेळी गळालं तर खोलीचा वाटा त्याचाच राहील, हे लिहून ठेवावं. गाडी ज्याची, त्याने विमा आणि पीयूसी चालू आहे ना पाहावं. चालवणाऱ्या प्रत्येकाकडे चारचाकीचा वैध परवाना हवा, नाहीतर अपघातात विम्याचा दावा अडतो. भाड्याने घेत असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि काही झालं तर निस्तरायला तुम्हीच उरता.

चालक पिणार नाही, हे रोज सकाळी नावासकट ठरवा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रेडीहून तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलात तर परतताना स्वस्त बाटल्या आणू नका. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि त्यात गाडीही जप्त होते.

तुमचे हक्क

- कागदपत्रं: डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधला परवाना, आरसी आणि विमा कायद्याने ग्राह्य आहेत. रेंज नसणाऱ्या भागासाठी मूळ प्रतीही गाडीत असू द्या. दंड भरलात तर पावती घ्या.
- पेट्रोलपंप: हवा, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह विनामूल्य मिळायला हवं. मापाची शंका आली तर पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवायला सांगता येतं. सोबत बहिणी-मैत्रिणी असतील तर स्वच्छतागृहाची पाटी पाहूनच पंप निवडा.
- हॉटेलचं बिल: सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बिलातून काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार करा.
- पाण्याची बाटली: किनाऱ्यावरचा दुकानदार छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. हॉटेलात बसून मागवलीत तर मात्र जास्त दर लावता येतो, सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा तसा निकाल आहे.
- किनारा: समुद्रासमोर बांधलंय म्हणून वाळू कुणा हॉटेलची होत नाही. तिथे चालण्यापासून तुम्हाला रोखता येत नाही. हॉटेलच्या आवारातून वाट मागणं मात्र त्यांच्या परवानगीचा भाग आहे.

अडचण आलीच तर

सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हे क्रमांक निघण्यापूर्वी असावेत: पोलीस आणि तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दल १५५४, राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

रस्त्यात अपघातग्रस्त दिसला तर मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. तुमच्यापैकीच कुणी रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालं, तर मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेत नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळतात. दाखल करतानाच रुग्णालयाला या योजनेबद्दल विचारा आणि पोलिसांना कळवा. रत्नागिरी आणि ओरोस इथे जिल्हा रुग्णालयं आहेत. मालवण-वेंगुर्ल्याकडून गंभीर रुग्णाला अनेकदा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात नेतात, तेव्हा त्या रस्त्याचा अंदाज आधीच घेऊन ठेवा. रोज घेण्याची औषधं असतील तर दोन दिवसांची जास्त बांधा, कारण छोट्या गावातलं दुकान दुपारी बंद असतं.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. खाऱ्या वाऱ्याने नटबोल्ट आणि सायलेन्सर गंजतात, आणि ते पुढच्या पावसाळ्यानंतरच लक्षात येतं.